चार वर्कर, एकच कुलूप: पायथनमध्ये वेगवेगळ्या प्रोसेसना सामाईक लॉक कसं द्यायचं

लातूरच्या आडत बाजारात दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाली की काट्यावर उसंत नसते. अशाच एका हंगामात एका आडत दुकानासाठी मी पावत्यांचा प्रोग्राम लिहून दिला होता. चार काटे, चार वर्कर (प्रत्येक काट्यासाठी वेगळी चालणारी पायथनची प्रोसेस), आणि पावतीचा क्रमांक मात्र सगळ्यांचा मिळून एकच चालायचा. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोन शेतकरी एकाच क्रमांकाच्या पावत्या घेऊन मुनीमजींच्या गादीसमोर उभे राहिले. एकाचे अकरा कट्टे, दुसऱ्याचे चाळीस. मुनीमजींनी चष्म्यावरून माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हणालो, "माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर चालायलंय."

ते खरंही होतं. लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, मी लावलं होतं. चारही वर्कर इमानदारीनं लॉक घेत होते, क्रमांक वाढवत होते, लॉक सोडत होते. फक्त दुकानातल्या मशीनवर प्रत्येकाचं लॉक वेगळं होतं. चार माणसं चार वेगवेगळ्या दारांना कुलूप लावून एकाच खोलीत शिरत होती.

समांतर काम नुकतंच शिकायला घेतलेल्यांनी हे सगळं स्वतःच्या हातानं करून बघावं म्हणून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. पायथन ३ असलेलं कुठलंही मशीन चालेल. शेवटाकडच्या एका भागाला ३.१४ ही आवृत्ती लागेल, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली.

आधी वाटण्या समजून घ्या

प्रोसेस म्हणजे चालू असलेला एक प्रोग्राम, आणि थ्रेड म्हणजे त्याच्या आत सोबत चालणारे कामाचे धागे. एका प्रोसेसमधले थ्रेड म्हणजे एका वाड्यात राहणारं एकत्र कुटुंब. एकच माजघर, एकच कोठी. कोठीला कुलूप लावलं की ते सगळ्यांना दिसतं. पण नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक) नावाचं एक मोठं कुलूप आधीच असतं. त्यामुळं कितीही थ्रेड केले तरी पायथनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो. मोजणीचं जड काम चार कोअरवर वाटायचं असेल तर वेगळी चूल मांडावी लागते. त्यासाठी २००८ मध्ये पायथन २.६ मध्ये मल्टिप्रोसेसिंग हे मॉड्यूल आलं.

वेगळी चूल म्हणजे वेगळी मेमरी. नवशिके इथं पहिल्यांदा ठेचकाळतात: वर एक ग्लोबल आकडा ठेवतात, चार प्रोसेसना तो वाढवायला सांगतात आणि शेवटी मूळ प्रोसेसमध्ये छापून बघतात, तर तो शून्यच. प्रत्येक भावानं आपापल्या घरातला आकडा वाढवला, थोरल्याच्या घरचा तिथंच राहिला. लॉकचंही नेमकं हेच होतं, फरक इतकाच की ते आकड्यासारखं लगेच दिसत नाही.

पायरी १: मुद्दाम बिघडवा

लॉक लावण्याआधी लॉक नसताना काय होतं ते डोळ्यांनी बघा. मल्टिप्रोसेसिंगमधला 'व्हॅल्यू' हा प्रकार घ्या. त्यातला आकडा खरोखर सामाईक मेमरीत असतो. चार प्रोसेस सुरू करा, प्रत्येकीला तो व्हॅल्यू आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि प्रत्येकीला १०,००० वेळा त्यात एक मिळवायला सांगा. शेवटी ४०,००० यायला हवेत. येतात कमी, आणि दर वेळी वेगळे.

कारण "एक मिळव" ही आपल्याला एक क्रिया वाटते, पण मशीनच्या लेखी त्या तीन असतात:

आकडा वाच
एक मिळव
परत लिही

पहिल्या वर्करनं ५१२ वाचला. तो ५१३ लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्यानंही ५१२ वाचला. दोघांनीही ५१३ लिहिलं. पावत्या दोन, क्रमांक एक.

या व्हॅल्यूच्या पोटात स्वतःचं एक लॉक असतं, हे वाचून काही जण निर्धास्त होतात. पण ते लॉक वाचताना एकदा लागतं आणि सुटतं, लिहिताना पुन्हा लागतं आणि सुटतं. मधली फट उघडीच राहते. 'गेट लॉक' ही त्याची मेथड वापरून, विथ या ब्लॉकमध्ये तिन्ही क्रिया एकत्र बांधल्या की ४०,००० चे बरोबर ४०,००० येतात. व्हॅल्यूपुरतं काम असेल तर तुमचा प्रश्न इथंच सुटला. माझा क्रमांक फाईलमध्ये होता, त्यामुळं मला पुढं जावं लागलं.

पायरी २: थ्रेडचं लॉक पाठवून बघा

आता थ्रेडिंग मॉड्यूलमधलं साधं लॉक घ्या आणि पूलच्या (म्हणजे तयार वर्करच्या गटाच्या) मॅपमधून, म्हणजे कामं वाटून देणाऱ्या मेथडमधून, वर्करला पाठवा. लगेच टाइपएरर येईल: कॅननॉट पिकल, आणि पुढं त्या लॉकच्या प्रकाराचं नाव. एका प्रोसेसमधली वस्तू दुसरीकडं पाठवायची तर पायथन आधी तिचं 'पिकल' करतं. म्हणजे लोणचंच म्हणा ना: फोडी करायच्या, बरणीत भरायच्या आणि दुसऱ्या गावी बरणी उघडायची. आकडे, अक्षरं, याद्या, डिक्शनऱ्या यांचं लोणचं छान होतं. कुलपाचं होत नाही, कारण कुलूप म्हणजे त्यातलं लोखंड नव्हे, ते कुठल्या दाराला लागलंय हे महत्त्वाचं. ते त्या एका प्रोसेसच्या मेमरीतल्या एका जागेला बांधलेलं असतं, दुसऱ्या मेमरीत ती जागाच नसते.

हा एरर आला तर देवाचे आभार माना. खरी भीती एरर न येण्याची आहे. लिनक्सवर फोर्क पद्धतीनं थेट प्रोसेस तयार केली तर पिकलची गरजच पडत नाही, अख्ख्या मेमरीची नक्कल निघते. त्यात थ्रेडच्या लॉकचीही नक्कल निघते. प्रोग्राम सुरळीत चालतो, कुठंही तक्रार नाही, आणि प्रत्येक वर्कर आपल्या नकलेला कुलूप लावत बसतो.

पायरी ३: प्रोसेससाठीचं लॉक, आणि ते द्यायची रीत

मल्टिप्रोसेसिंगमध्ये स्वतःचं लॉक आहे. नाव तेच, वापरायची पद्धत तीच, पण आतून ते ऑपरेटिंग सिस्टिमचा सेमाफोर (किती जणांना आत सोडायचं हे मोजणारी खूण) असतं. म्हणजे ते कुणाच्याच घरात नसतं. गावच्या सामाईक विहिरीसारखं बाहेर असतं आणि प्रत्येक प्रोसेसकडं फक्त तिथवर जायची वाट असते.

हेच लॉक पूलच्या मॅपमधून पाठवून बघा. आता रनटाइमएरर येतो आणि तो सांगतो, लॉक प्रोसेसमध्ये फक्त 'इनहेरिटन्स'नं वाटून घेता येतं. नवशिके इथं क्लासचा इनहेरिटन्स समजून गोंधळतात. तो हा नव्हे. हा सातबाऱ्यावरचा वारसा आहे: प्रोसेस जन्माला येतानाच लॉक तिच्या हाती द्यायचं, नंतर टपालानं पाठवायचं नाही. मॅपमधून जाणारं काम म्हणजे टपाल, कारण वर्कर तेव्हा आधीच जन्मलेले असतात.

तेव्हा दोन रस्ते. तुम्ही स्वतः 'प्रोसेस' बनवत असाल तर लॉक तिच्या आर्ग्युमेंटमध्ये द्या, तो जन्माचाच क्षण आहे. पूल वापरत असाल तर पूल तयार करताना 'इनिशियलायझर' आणि 'इनिटआर्ग्स' अशा दोन जागा असतात, त्या भरा. इनिशियलायझर म्हणजे प्रत्येक वर्कर उठल्या उठल्या एकदा चालवतो ते फंक्शन. त्यात आलेलं लॉक वर्करच्या ग्लोबल नावात ठेवून द्या. पुढं तुमचं कामाचं फंक्शन तेच नाव वापरेल. ग्लोबल वापरणं वाईट असं कॉलेजात शिकवतात. इथं खुशाल वापरा, पूलला लॉक द्यायची याहून सरळ वाट नाही.

पायरी ४: माझी चूक

मी मल्टिप्रोसेसिंगचंच लॉक घेतलं होतं. फक्त ते फाईलच्या वरच्या भागात, इम्पोर्टच्या खाली, मॉड्यूलच्या पातळीवर तयार केलं होतं आणि वर्करला वेगळं काही दिलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. तिथं तेव्हा फोर्क ही नेहमीची पद्धत होती. मूळ प्रोसेसची नक्कल निघताना त्या सेमाफोरकडं जायची वाटही नकलेत आली, म्हणून सगळं बरोबर चाललं.

दुकानात विंडोज. विंडोजवर फोर्क नसतो, स्पॉन असतो. स्पॉनमध्ये प्रत्येक वर्कर कोरा पायथन सुरू करतो आणि तुमची फाईल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो. वाचता वाचता तो लॉक तयार करण्याच्या ओळीवर येतो आणि स्वतःचं नवंकोरं लॉक बनवतो. चार वर्कर, चार विहिरी. एरर नाही, वॉर्निंग नाही.

हा फक्त विंडोजचा प्रश्न नाही. मॅकवर पायथन ३.८ पासून स्पॉनच ठरलेला आहे. आणि ३.१४ पासून लिनक्सवरही फोर्कच्या जागी 'फोर्कसर्व्हर' आला आहे, ज्यात वर्कर तुमच्या मूळ प्रोसेसपासून जन्मतच नाही. म्हणजे लिनक्सवर वर्षानुवर्षं चाललेला असा प्रोग्राम नुसती आवृत्ती बदलल्यावर बिघडू शकतो. लॉक मुख्य भागात तयार करा, 'नेम बरोबर मेन' या अटीच्या आत, आणि तिथून वर्करला हातात द्या. मग पद्धत कुठलीही असो.

पायरी ५: कुलूप एकच आहे का, याची परीक्षा

ही परीक्षा मी आता प्रत्येक नव्या प्रोग्रामवर घेतो. दहा ओळींचं काम आहे. मुलगा प्रोसेस सुरू करा, त्याला आधी दोन सेकंद झोपायला सांगा. तो झोपलेला असताना मूळ प्रोसेसनं लॉक घ्यायचं आणि धरून बसायचं. मुलगा उठला की त्यानं एक सेकंदाची टाइमआउट देऊन लॉक मागायचं आणि उत्तर छापायचं. 'फॉल्स' आलं तर कुलूप एकच. 'ट्रू' आलं तर त्याला वेगळंच कुलूप मिळालंय, घरी जाऊ नका.

क्रम मात्र हाच ठेवा. मी आधी उलटं करायचो: बापानं लॉक घ्यायचं आणि मग मुलगा जन्माला घालायचा. फोर्कमध्ये त्यामुळं नक्कलही बंद कुलपाचीच निघते. मुलाला स्वतःच्याच घरातलं बंद कुलूप दिसतं, तो 'फॉल्स' सांगतो आणि परीक्षा खोटी पास होते.

जाता जाता, फोर्कचा बदनाम डेडलॉक (म्हणजे कायमचं अडकून बसणं) याच कारणानं होतो. मूळ प्रोसेसमध्ये दुसऱ्या कुठल्या तरी थ्रेडनं लॉक धरलेलं असतं, तेवढ्यात फोर्क होतो. मुलाकडं बंद कुलूप येतं, पण ते उघडणारा थ्रेड येत नाही. म्हणूनच ३.१२ पासून अनेक थ्रेड असताना फोर्क केला की पायथन वॉर्निंग देतं.

पायरी ६: वर्कर आधीच उठलेले असतील तर

कधी कधी जन्माची वेळ आपल्या हाती नसते. तेव्हा 'मॅनेजर' घ्या. मॅनेजर ही एक वेगळी प्रोसेस असते. खरं लॉक तिच्याकडं असतं आणि तुम्हाला त्याचा मुखत्यार मिळतो, ज्याला प्रॉक्सी म्हणतात. या मुखत्याराचं लोणचं होतं, त्यामुळं तो मॅपमधून जातो, रांगेतून जातो, कुठंही जातो. पण प्रत्येक वेळी लॉक घ्यायला आणि सोडायला मॅनेजरकडं निरोप जाऊन परत यावा लागतो. मिनिटाला चार पावत्या असतील तर काही बिघडत नाही. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये मात्र तुमचे चार कोअर निरोप्याची वाट बघत बसतील.

पायरी ७: सबइंटरप्रिटर आणि टोकनचा गोळा

एकाच प्रोसेसमध्ये अनेक पायथन, प्रत्येक आपापल्या घरात, प्रत्येकाचा वेगळा जीआयएल: ही सोय आतल्या बाजूनं ३.१२ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये झाली. साध्या पायथनमधून ती वापरायला 'कॉन्करंट' खाली 'इंटरप्रिटर्स' हे मॉड्यूल ३.१४ मध्ये आलं. वाटतं की प्रोसेस एकच आहे, तर थ्रेडचं लॉक चालायला काय हरकत आहे? पण नाही. भिंती इथंही आहेत. आकडे, अक्षरं, बाइट्स, त्यांचे टपल असल्या वस्तू पलीकडं जातात. लॉक जात नाही. रांग मात्र जाते. या मॉड्यूलची स्वतःची क्यू आहे आणि ती दोन्ही बाजूंना खरोखर एकच असते.

मग रांगेचंच कुलूप करायचं. क्यू तयार करा. तिच्यात एकच वस्तू टाका, कुठलीही, आकडा १ चालेल. 'प्रिपेअर मेन' वापरून ती क्यू प्रत्येक इंटरप्रिटरला द्या. ज्याला क्रमांक वाढवायचा आहे त्यानं आधी क्यूमधून ती वस्तू काढायची. क्यू रिकामी असेल तर थांबायचं. काम झालं की वस्तू परत टाकायची.

मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना हे नवं नाही. मीटरगेजच्या काळात एकेरी लाईनवर ड्रायव्हरच्या हातात त्या टप्प्याचा गोळा असल्याशिवाय गाडी हलायची नाही. स्टेशनवर वेताच्या रिंगला बांधलेल्या पिशवीतून तो गोळा दिला जायचा. लगतच्या दोन स्टेशनांवरची यंत्रं तारेनं एकमेकांना जोडलेली असायची आणि दोन्हींतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा. गोळा हातात आहे म्हणजे पुढची लाईन माझी. सेमाफोर हा शब्दही रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचाच आहे, संगणकात तो एड्सखर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात आणला.

गोळ्याच्या पद्धतीत दोन खोड्या आहेत. काम करताना एक्सेप्शन आलं आणि गोळा परत टाकलाच नाही, तर लाईन कायमची बंद. म्हणून परत टाकण्याची ओळ 'फायनली'मध्येच हवी. आणि चुकून कुणी दोनदा परत टाकला तर क्यूमध्ये दोन गोळे, म्हणजे एका लाईनवर दोन गाड्या. रेल्वेचं यंत्र हे होऊ देत नाही, तुमची क्यू होऊ देते. क्यू तयार करताना तिची कमाल मर्यादा १ ठेवली तर एका वेळी दोन गोळे तिच्यात मावत तरी नाहीत, पण एक बाहेर असताना दुसरा आत पडू शकतोच.

(३.१४ मध्येच जीआयएल नसलेली पायथनची वेगळी बांधणी प्रयोगातून बाहेर येऊन अधिकृत झाली. तिच्यात थ्रेडच खरे समांतर चालतात, वाडा एकच असतो आणि थ्रेडचं साधं लॉक पुरतं. तुमच्या लायब्रऱ्या तिच्यावर चालत असतील तर वरचे सगळे हेलपाटे वाचतील.)

पायरी ८: लॉक धरलेला वर्कर मेला तर

विथ वापरलं तर एक्सेप्शन आलं तरी लॉक सुटतं. पण वर्करला ऑपरेटिंग सिस्टिमनंच मारलं, समजा मेमरी संपली म्हणून, तर विथला बोलायची संधीच मिळत नाही. मल्टिप्रोसेसिंगचं लॉक तसंच बंद राहतं आणि बाकीचे तीन वर्कर मुक्यानं उभे राहतात. लाईट गेली तर हा प्रश्न येत नाही, सगळे सोबतच जातात.

उपाय म्हणून लोक टाइमआउट देऊन लॉक मागतात. चांगलं आहे, पण मिळालं की नाही हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी असा कोड बघितलाय: पाच सेकंदांत लॉक मिळालं नाही, तरी प्रोग्राम पुढं गेला आणि 'फायनली'मध्ये लॉक सोडलं. मल्टिप्रोसेसिंगचं साधं लॉक कुणीही सोडू शकतं, ज्यानं घेतलं त्यानंच सोडावं अशी अट त्याला नाही. म्हणजे या शहाण्यानं दुसऱ्याचं कुलूप बाहेरून उघडून दिलं. आरलॉक (घेणाऱ्याची आठवण ठेवणारं दुसऱ्या प्रकारचं लॉक) हे असं करू देत नाही, परका सोडायला गेला की एरर देतं.

लिनक्सवर आणखी एक साधा मार्ग आहे: फाईलवरचं लॉक, 'एफसीएनटीएल' मॉड्यूलमधलं 'फ्लॉक'. प्रत्येक वर्करनं तीच फाईल स्वतः उघडायची आणि तिच्यावर लॉक घ्यायचं. द्यायची-घ्यायची भानगडच नाही, फाईलचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो. आणि वर्कर मेला की त्याची फाईल कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बंद करतो, लॉक आपोआप सुटतं. विंडोजवर हे मॉड्यूल नाही, तेवढी अडचण.

लॉक कमी लावा

दुकानात लॉक दुरुस्त केल्यावर क्रमांक बरोबर यायला लागले, पण काटे थांबायला लागले. कारण मी लॉक घेऊनच पावती छापत होतो. प्रिंटरचा कागद अडकला की चारही काटे अडकायचे आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागायची. लॉकमध्ये फक्त क्रमांक वाढवा, लॉक सोडा, मग निवांत छापा. दोन लॉक लागतच असतील तर सगळ्या वर्करनी ते एकाच क्रमानं घ्यायचे. एकानं क्रमांकाचं आधी आणि दुसऱ्यानं खातेवहीचं आधी घेतलं, की दोघं एकमेकांकडं बघत बसतात.

हे सगळं मी मुनीमजींना समजावून सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून जुनी पावती पुस्तकं काढून गादीवर ठेवली. १०० पावत्यांचं एक पुस्तक, प्रत्येक काट्याला वेगळं. पहिल्या काट्याला १ ते १००, दुसऱ्याला १०१ ते २००. पुस्तक संपलं की गादीवर यायचं आणि पुढचं घ्यायचं. त्यांच्या पद्धतीत कुलूप लागायचं ते फक्त पुस्तक देताना, शंभर पावत्यांमागे एकदा.

आता प्रोग्राम तसाच चालतो. प्रत्येक वर्कर लॉक घेतो, फाईलमधला आकडा एकदम १०० नं वाढवतो, लॉक सोडतो आणि आपले १०० क्रमांक घेऊन बसतो. संध्याकाळी दुकान बंद करताना प्रत्येक काट्यावर काही क्रमांक उरतात. ते प्रोग्राम 'रद्द' म्हणून वहीत छापतो आणि मुनीमजी त्या प्रत्येक ओळीवर पेनानं आडवी रेघ मारतात.